युजर-स्पेस ड्रायव्हर थेट हार्डवेअरपर्यंत पोहोचतो, तेव्हा कर्नलने त्याची खूण ठेवावी का?

रजिस्टरवाचक (धागाकर्ता):

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, स्रोत बंद असलेले एखादे मॉड्यूल चढवले, की कर्नल स्वतःच्या नोंदीत 'टेन्ट'ची, म्हणजे 'डागाळला' अशी, खूण करून ठेवतो. पुढे कधी यंत्र कोसळले, तर ऊप्सच्या, म्हणजे कर्नलमधील चुकीच्या, अहवालात ती खूण छापून येते आणि वाचणाऱ्याला शोध सुरू करण्यापूर्वीच कळते की ज्याचा स्रोत आपल्याला पाहता येत नाही असे काहीतरी या कर्नलच्या आत वावरत होते. मुख्य स्रोताबाहेर बांधलेले मॉड्यूल, जबरदस्तीने चढवलेले मॉड्यूल, यंत्राने नोंदवलेला हार्डवेअर दोष, अशा प्रत्येकासाठी वेगळे अक्षर राखलेले आहे. परंतु रूटचे अधिकार असलेला एखादा साधा प्रोग्रॅम /डेव्ह/मेम ही भौतिक मेमरी दाखवणारी फाइल उघडून उपकरणाची रजिस्टरे (त्याला हुकूम देण्याच्या जागा) स्वतःच्या पत्त्यांमध्ये मॅप करून घेतो आणि त्यांत लिहू लागतो, तेव्हा कर्नल कोणतीही खूण करत नाही. पीसीआय उपकरणाची मेमरी दाखवणारी, सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइल-रचनेतील 'रिसोर्स०' ही फाइल एममॅप केली (आपल्या पत्त्यांत जोडून घेतली) तरी होत नाही, आणि आयओपर्म किंवा आयओपीएल या सिस्टिम कॉलने उपकरणांशी बोलण्याच्या पोर्टांची परवानगी मिळवली तरीही होत नाही.

हे मला अपुरे वाटते. युजर-स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रॅमसारखा, चालणारा ड्रायव्हर कर्नलपासून आपोआप वेगळा पडतो, हा समज निम्माच खरा आहे. त्याच्या स्वतःच्या मेमरीतील चूक त्याच्यापुरती राहते, चुकीचा पॉइंटर वापरला तर तोच मरतो, इथपर्यंत ठीक आहे. पण उपकरणाला डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणे-वाचणे) करता येत असेल, तर रजिस्टरात लिहिलेला एक चुकीचा पत्ता पुरेसा होतो. उपकरण त्या भौतिक पत्त्यावर थेट लिहिते, प्रोसेसरचे पेज टेबल (कोणाला कोणती मेमरी दिसावी हे ठरवणारा तक्ता) त्या वाटेत येतच नाही, आणि मध्ये आयओएमएमयू (उपकरणांनी वापरलेले मेमरीचे पत्ते तपासणारा भाग) नसेल तर त्या पत्त्यावर कर्नलची कोणतीही रचना असू शकते. मग बऱ्याच वेळाने फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये ऊप्स येतो, अहवालात फाइल सिस्टिमची फंक्शने दिसतात, आणि त्या विभागाचा देखभालकर्ता आपल्या कोडमध्ये नसलेला दोष शोधत बसतो.

खूण नेमकी कशाची करायची, हेही सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. प्रत्येक वाचन-लेखनाची नोंद ठेवणे शक्य नाही. एकदा एममॅप झाले, की पुढचा प्रत्येक लोड आणि स्टोअर प्रोसेसर स्वतःच पार पाडतो आणि कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवरील पोर्टांचेही तेच आहे. टीएसएस या प्रोसेसर वाचत असलेल्या रचनेतील परवानगीचा नकाशा ६५,५३६ पोर्टांसाठी प्रत्येकी एक बिट, म्हणजे ८,१९२ बाइटांचा असतो, आणि तो बिट प्रोसेसरच तपासतो. तेव्हा कर्नलच्या हाती एकच क्षण उरतो, तो परवानगी देण्याचा. त्या क्षणी त्याला प्रोसेस माहीत असते, उपकरण किंवा पत्त्यांचा पल्ला माहीत असतो आणि आयओएमएमयू मध्ये आहे की नाही हेही माहीत असते. एवढी माहिती हातात असताना ती सोडून देणे मला पटत नाही.

ही कल्पना नवीन नाही. २००७ साली कर्नल-विकासक थिओडोर त्सो यांनी 'यू' अक्षराची टेन्ट खूण आणली, ती अशाच कारणासाठी. रिअल-टाइम जावाच्या विनिर्देशात प्रोग्रॅमला भौतिक मेमरीपर्यंत थेट पोहोचू देण्याची सोय सक्तीची होती, आणि ती वापरली गेली असल्यास मदत करणाऱ्यांना निदान तसा प्रश्न विचारता यावा, हा हेतू होता. मात्र ती खूण युजर-स्पेसने स्वतःहून /प्रोक/सिस/कर्नल/टेन्टेड या फाइलमध्ये लिहून करायची होती. जो प्रोग्रॅम प्रामाणिकपणे कबुली देईल त्याचीच नोंद होणार, अशी ही व्यवस्था झाली.

खुणेच्या अभावी काय होते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण २००८ सालचे आहे. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या यंत्रांतील इंटेलची ई१००० मालिकेतील नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली, कारण कार्डाच्या कायमस्वरूपी मेमरीतील मजकूरच पुसला जात होता. पहिला संशय पडद्यावरचे चित्र आखणाऱ्या एक्स सर्व्हरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर गेला. तो त्या काळी रूट म्हणून चालत असे, हार्डवेअरची रजिस्टरे स्वतः मॅप करत असे, आणि अनेक घटना एक्स चालू असतानाच घडल्या होत्या. अखेर ऑक्टोबरमध्ये दोषी सापडला तो कर्नलच्या आतच. कर्नलच्या फंक्शनांचा माग घेणाऱ्या डायनॅमिक एफट्रेसने मॉड्यूलच्या आरंभीच्या, नंतर मोकळ्या केलेल्या कोडचे पत्ते जपून ठेवले होते. पुढे त्याच पत्त्यांवर कार्डाची मेमरी मॅप झाली आणि एफट्रेसने तिथे कोड बदलण्याच्या हेतूने तुलना-आणि-अदलाबदलीची आज्ञा चालवली. ही आज्ञा तुलना जुळली नाही तरी लेखनाचे चक्र पूर्ण करते, आणि त्यामुळे कार्ड गेले.

या प्रकरणात युजर-स्पेस निर्दोष निघाले, म्हणून ते माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाते असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. कोणत्या प्रोसेसने कोणता पल्ला मॅप केला होता, याची नोंद अहवालातच असती, तर 'एक्सने या कार्डाला हात लावलेला नाही' हे लवकर सिद्ध झाले असते. परवानगीची खूण निरपराध्याला संशयातून सोडवण्याच्याही कामाची असते. तेव्हा अशी खूण कर्नलने स्वतःहून करावी का, आणि करायची तर कोणत्या पायरीवर, यावर जाणकारांनी लिहावे.

समांतर:

विषय महत्त्वाचा आहे, पण माझा विरोध आहे. खुणेची किंमत तिच्या दुर्मिळपणात असते. केएमएस (पडद्याची मांडणी कर्नलनेच करण्याची पद्धत) स्थिरावण्यापूर्वी, म्हणजे २००९ च्या आसपासपर्यंत, डेस्कटॉपवरील एक्स सर्व्हर हेच काम रोज करत होता. त्या वेळी तुमची खूण असती तर जवळपास प्रत्येक डेस्कटॉप खुणेचा ठरला असता आणि कोणीही तिच्याकडे पाहिले नसते. दुसरे असे की खुणेचा अर्थ कागदावर 'माहिती' असला तरी व्यवहारात तो 'नकार' असतो. टेन्ट झालेल्या कर्नलचा अहवाल पाठवला, की बहुतेक वेळा 'खुणेविना पुन्हा घडवून दाखवा' एवढेच उत्तर येते. ज्याचे सगळे कामच युजर-स्पेस ड्रायव्हरवर चालते, तो खुणेविना ते कसे घडवून दाखवणार? शिवाय ज्याला नोंद हवी आहे त्याच्यासाठी ऑडिट यंत्रणा आहेच. आयओपर्म, आयओपीएल आणि /डेव्ह/मेमवर ऑडिटचा नियम लावा, प्रोसेसच्या नावासह सगळे मिळेल.

रजिस्टरवाचक:

ऑडिटचा मुद्दा रास्त आहे, पण त्याची नोंद ज्या जागी राहते ती अडचणीची आहे. ऑडिटचा नियम आधी कोणीतरी लावलेला असावा लागतो, आणि त्याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये जाते. यंत्र कोसळल्यावर जो मजकूर बाहेर पडतो, कित्येकदा पडद्यावरचे छायाचित्र एवढाच जो पुरावा हाती येतो, त्यात ती नसते. टेन्ट खूण ऊप्ससोबतच छापली जाते आणि क्रॅश डंपमध्येही टिकते.

दुर्मिळपणाबद्दल मात्र मी सहमत आहे, म्हणून सगळ्या थेट प्रवेशांना एकाच मापाने मोजू नये असे माझे म्हणणे आहे. ज्या प्रवेशामुळे कर्नलच्या स्वतःच्या कामाला धक्का बसू शकतो, तो वेगळा काढावा. हे नेमके कसे घडते ते एका जुन्या, साध्या उपकरणावर स्वच्छ दिसते.

एक्स८६ वरील सीमॉस घड्याळ (यंत्रातील बॅटरीवर चालणारे घड्याळ) वाचायचे, तर हेक्स ७० क्रमांकाच्या पोर्टवर आधी रजिस्टराचा अनुक्रमांक लिहायचा आणि मग हेक्स ७१ वरून त्याचे मूल्य वाचायचे, अशी दोन पावले पडतात. या दोन पावलांच्या मध्ये दुसऱ्या कोणी ७० वर वेगळा अनुक्रमांक लिहिला, तर पहिल्याला भलत्याच रजिस्टराचे मूल्य मिळते, आणि तो लिहीत असेल तर भलत्याच रजिस्टरात लिहितो. कर्नलच्या आत ही जोडी एका स्पिनलॉकने (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाने) सांभाळलेली आहे. युजर-स्पेसला तो लॉक घेण्याचा कोणताच मार्ग नाही. एचडब्ल्यूक्लॉक या साधनाला /डेव्ह/आरटीसी ही घड्याळाची कर्नलमार्फतची वाट सोडून थेट पोर्टांवरून घड्याळ वाचण्याचा पर्याय आहे, आणि तो वापरला की नेमकी ही फट उघडते. पूर्वी आयओपीएलच्या परवानगीसोबत इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला मध्येच मारलेल्या हाका) बंद करण्याची मुभाही मिळत असे, त्यामुळे एकाच प्रोसेसरच्या यंत्रावर ही फट कशीबशी झाकली जाई. अनेक कोअरच्या यंत्रावर तेवढ्याने भागत नव्हतेच, कारण दुसरा कोअर चालूच राहतो. लिनक्स ५.५ पासून तर आयओपीएल नुसत्या पोर्टांच्या नकाशाने साकारलेले आहे आणि इंटरप्ट बंद करण्याची मुभा त्यातून गेली आहे. हा बदल योग्यच होता. पण दोन पावलांमधली फट तशीच आहे, आणि हेक्स ७० वर लिहिलेल्या बाइटचा सर्वांत वरचा बिट एनएमआय (एरवी रोखता न येणारा, गंभीर दोषाचा इंटरप्ट) रोखण्यासाठी वापरला जातो, हे लक्षात घेतले तर तिचे गांभीर्य वाढते.

आता हा दोष अहवालात कसा दिसेल याचा विचार करा. घड्याळ क्वचित, काहीही क्रम नसलेल्या वेळी चुकीचे मूल्य देते, आणि कर्नलचा आरटीसी ड्रायव्हर निर्दोष दिसतो, कारण तो निर्दोषच आहे. अशा वेळी 'या प्रोसेसला ७० आणि ७१ या पोर्टांची परवानगी दिली होती' ही एक ओळ अनेक दिवसांचा शोध वाचवते.

'खूण म्हणजे नकार' या आक्षेपालाही एक उत्तर अनुभवातून मिळालेले आहे. लिनक्स ५.९ पासून युजर-स्पेसमधून अनोळखी एमएसआरवर (प्रोसेसरच्या मॉडेलनुसार असलेल्या नियंत्रण-रजिस्टरावर) लिहिले, की कर्नल प्रोसेसचे नाव आणि एमएसआरचा क्रमांक नोंदवतो आणि टेन्टची खूण करतो. त्यानंतर नुसता नकार देत बसण्याऐवजी त्या साधनांना खरोखर काय हवे आहे याची विचारपूस झाली, आणि ऊर्जा-कामगिरीचा कल ठरवणारे मूल्य टर्बोस्टॅट, सीपीयूपॉवर यांसारखी साधने सिसएफएसमधून वाचू लागली. खुणेमुळे कर्नलमध्ये कोणता इंटरफेस कमी पडतो आहे, हे उघड झाले.

पॅकेटवाट:

मी जलद पॅकेट-प्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो, जिथे युजर-स्पेस ड्रायव्हर हा अपवाद नसून पाया आहे. डीपीडीके किंवा एसपीडीके (नेटवर्क व साठवण-उपकरणांसाठीचे युजर-स्पेस ड्रायव्हरांचे संच) वापरताना कार्ड कर्नलच्या ड्रायव्हरकडून काढून घेतले जाते, त्याच्या रांगा युजर-स्पेसमध्ये मॅप होतात, आणि इंटरप्टची वाट न पाहता एक कोअर सतत त्या रांगा तपासत राहतो. या सगळ्याला सरसकट 'धोकादायक' म्हणणे अन्यायाचे होईल.

व्हीएफआयओ (युजर-स्पेसला उपकरण सुपूर्द करणारी कर्नलची सोय) २०१२ साली लिनक्स ३.६ मध्ये आले ते नेमके ही अडचण सोडवण्यासाठी. त्यात उपकरण आयओएमएमयूच्या कुंपणात असते. ड्रायव्हरने जी पाने आधी नोंदवली, तेवढ्यांवरच त्याचा डीएमए चालतो, आणि बाहेरचा पत्ता दिला तर व्यवहार अडवला जाऊन दोष नोंदवला जातो. ज्या परस्परांपासून वेगळ्या करता न येणाऱ्या उपकरणांचा एक गट बनतो, तो गट संपूर्णच द्यावा लागतो, हीदेखील त्याच काळजीतून आलेली अट आहे. अशा प्रवेशाला खूण करण्यासारखे काही नाही, कारण कर्नलच्या मेमरीपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद आहे.

याच व्हीएफआयओमध्ये आयओएमएमयूविना चालण्याचा एक प्रकार आहे. तो चालू करण्यासाठी ज्याच्या नावातच 'असुरक्षित' असा शब्द आहे तो पॅरामीटर द्यावा लागतो, गटाच्या फाइलच्या नावातही 'नोआयओएमएमयू' येते, आणि तो वापरला की कर्नल 'यू' खूण करतो. धागाकर्त्यांना हवी असलेली पायरी तिथे आधीच आखलेली आहे. माझी सूचना एवढीच की तीच रेघ इतर वाटांनाही लावावी: कुंपणात असलेला प्रवेश खुणेविना, कुंपणाबाहेरचा खुणेसह. यूआयओलाही ती लागू व्हावी, कारण २००७ पासून असलेली ती सोय रजिस्टरे मॅप करून देते आणि इंटरप्टची संख्या वाचू देते, पण डीएमएवर तिचा काहीही ताबा नसतो.

नवाभ्यासी:

चर्चा वाचून पुष्कळ समजले. आपल्या यंत्रावर अशी खूण आहे का, हे सामान्य वापरकर्त्याने कसे ओळखावे? आणि ती काढता येते का?

समांतर:

/प्रोक/सिस/कर्नल/टेन्टेड ही फाइल वाचा. शून्य असेल तर एकही खूण नाही. अन्यथा ती संख्या म्हणजे खुणांच्या बिटांची बेरीज असते. 'यू' खुणेचे मूल्य ६४ आहे आणि मुख्य स्रोताबाहेरील मॉड्यूलच्या खुणेचे ४,०९६, त्यामुळे ४,१६० दिसले तर दोन्ही खुणा आहेत असे समजावे. खूण काढता येत नाही. त्या फाइलमध्ये लिहून नवीन बिट चढवता येतात, आधीचे उतरवता येत नाहीत, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच पाटी कोरी होते. हे जाणूनबुजून तसे ठेवले आहे, कारण बिघडलेली मेमरी मॉड्यूल उतरवल्याने दुरुस्त होत नाही.

'यू' खुणेची एक मर्यादाही इथेच नोंदवतो. कर्नलच्या काही मॉड्यूलांचे धोक्याचे म्हणून राखलेले पॅरामीटर बदलले तरी हीच खूण होते. म्हणजे ६४ पाहून हार्डवेअरला कोणी हात लावला, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. त्या वेळचा लॉग पाहावाच लागतो.

तळमजला:

चर्चा लिनक्सपुरती राहिली आहे, म्हणून थोडे पलीकडचे लिहितो. मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जवळपास सगळे ड्रायव्हर कर्नलबाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. तिथे 'युजर-स्पेस ड्रायव्हर हार्डवेअरला हात लावतो आहे' अशी खूण करणे निरर्थक ठरेल, कारण व्यवस्थाच तशी आहे. त्याऐवजी कोणत्या ड्रायव्हरला कोणते पोर्ट आणि कोणते इंटरप्ट वापरता येतील, हे संरचनेच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेले असते. ड्रायव्हर पोर्टावर स्वतः लिहीत नाही. तो कर्नलला विनंती करतो आणि कर्नल यादीशी ताडून ती पार पाडतो. एसईएल४ या छोट्या कर्नलमध्ये पोर्टांचा पल्ला आणि उपकरणाची मेमरी यांसाठी क्षमतापत्रे असतात, आणि ज्याच्या हाती क्षमतापत्र नाही त्याला ते उपकरण अस्तित्वातच नसल्यासारखे असते.

लिनक्समध्ये परवानगी याच्या अगदी उलट, कमालीची ढोबळ आहे. कॅप_सिस_रॉआयओ ही एकच क्षमता हाती आली, की एका पोर्टासाठी आलेला प्रोग्रॅम सगळे पोर्ट मागू शकतो. म्हणून मला वाटते की खुणेची गरज ही मुळात परवानगीच्या ढोबळपणातून आलेली गरज आहे. ज्यांना प्रवेशच नको आहे त्यांच्यासाठी लिनक्स ५.४ मधील लॉकडाउन आहे. ते चालू असेल तर /डेव्ह/मेम, आयओपर्म, आयओपीएल, पीसीआय उपकरणांच्या मेमरीचे मॅपिंग, एमएसआरवरील लेखन हे सगळे नाकारले जाते आणि प्रोसेसच्या नावासह तशी ओळ लॉगमध्ये उमटते. पण पूर्ण मोकळीक आणि पूर्ण बंदी यांच्या मध्ये जी मोठी जागा उरते, तिथे ही खूण बसते, हे मला मान्य आहे.

रजिस्टरवाचक:

पॅकेटवाट यांची रेघ मला पटली, तिला मी एकच पुरवणी जोडतो. डीएमए होत नसला तरी कर्नलचा ड्रायव्हर त्याच रजिस्टरांवर काम करत असेल, तर तो प्रवेशही खुणेचा ठरावा. सीमॉसच्या घड्याळाचे उदाहरण याच जातीचे आहे. यासाठीची घडणही कर्नलमध्ये आलेली आहे. पीसीआयच्या संरचना-जागेचा (उपकरणाची मांडणी ठरवणाऱ्या रजिस्टरांचा) एखादा भाग ड्रायव्हरला आता स्वतःसाठी राखून ठेवता येतो. सीएक्सएल (मेमरी वगैरे प्रोसेसरला जोडणाऱ्या प्रकारच्या) उपकरणांच्या डीओई टपालपेटीला, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या रजिस्टरांना, त्याची निकड होती, कारण तिथे प्रश्न आणि उत्तर एकेक शब्दाने क्रमाने जातात आणि मध्येच कोणी लिहिले तर सगळा संवाद विस्कटतो. राखलेल्या भागात युजर-स्पेसमधून लिहिले, तर लेखन अडवले जात नाही, पण कर्नल प्रोसेसचे नाव आणि ऑफसेट एकदा लॉगमध्ये छापतो आणि 'यू' खूण करतो. मला अभिप्रेत असलेली खूण अशीच आहे: काम थांबवत नाही, एकदाच बोलते आणि नेमके बोलते. समांतर यांनी दाखवलेली संदिग्धताही यामुळे बरीच कमी होते, कारण अक्षरासोबत लॉगमध्ये एक नेमकी ओळ असते.

समांतर:

या दोन अटींसह माझा विरोध सौम्य होतो. मात्र एक प्रश्न उरतो. प्रोसेसने फाइल बंद केली, मॅपिंग गेले, ड्रायव्हर व्यवस्थित संपला, तरी यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत खूण का वागवायची? व्हीएफआयओ तर फाइल बंद होताना शक्य असेल तेव्हा उपकरण रीसेटही करते.

रजिस्टरवाचक:

व्हीएफआयओ करते, म्हणूनच आयओएमएमयूसह त्याला खुणेतून वगळावे असे मी म्हणतो. यूआयओचा सर्वसाधारण पीसीआय ड्रायव्हरही फाइल बंद होताना उपकरणाचा बस-मास्टर अधिकार काढून घेतो, म्हणजे निदान नवा डीएमए थांबतो. पण 'रिसोर्स०' मॅप करणारी प्रोसेस मेली, तर उपकरणाला ते कळवणारे कोणीच नसते. समजा तिने स्वीकार-रांगेत आपल्या पानांचे भौतिक पत्ते भरून ठेवले होते. प्रोसेस मेल्यावर ती पाने मोकळी होतात, कर्नल ती दुसऱ्या कोणाला तरी देतो, कदाचित एखाद्या आयनोडला (फाइलच्या नोंदीला) किंवा पेज टेबललाच. उपकरण मात्र चालूच असते, आणि पुढचे पॅकेट आले की ते जुन्याच पत्त्यावर नेऊन ठेवते. नुकसान होते ते प्रोसेस संपल्यानंतर, आणि त्या वेळी प्रोसेसच्या यादीत तिचे नावही नसते.